अवघड जागेचं दुखणं: कामात असलो की पत्ता नाही, रिकामा बसलो की हजर

तळजाईवाला (धागाकर्ता)
विभाग: आरोग्य

हा धागा पुरुषांच्या खालच्या दुखण्याबद्दल आहे. वृषण, शिश्न, जांघा, ओटीपोट, आणि अंडकोष व गुदद्वाराच्या मधला तो भाग, जो बसल्यावर खुर्चीला टेकतो. वाचायला अवघडल्यासारखं होत असेल त्यांनी खुशाल शेजारच्या धाग्यावर जावं, तिकडे मिसळीवरून हाणामारी जोरात आहे.

मी पस्तिशी ओलांडलेला, नोकरी हिंजवडीत, घर धनकवडीत. दुखणं सुरू होऊन वर्ष उलटलं. डाव्या गोटीत मंद ठणका, मधल्या भागात काहीतरी अडकून बसल्याची जाणीव, लघवी झाल्यावर टोकाला चुरचुर. बसलं की वाढतं, चाललं की कमी. लघवीचं कल्चर, डॉप्लरसकट सोनोग्राफी, रक्त, सगळं झालं आणि सगळं नॉर्मल आलं. अँटिबायोटिकचे कोर्स झाले. पहिल्या कोर्सला थोडे दिवस बरं वाटलं, मग जैसे थे. एका ठिकाणी रिपोर्ट चाळून डॉक्टर म्हणाले, "काही नाहीये. लग्न झालंय ना? मग टेन्शन कसलं घेता?" लग्नाचा आणि याचा संबंध मला अजून लागलेला नाही.

पण ही तक्रार मांडायला धागा काढलेला नाही. मला एक गोष्ट छळते आहे.

दुपारी आमची स्टेटस मीटिंग असते. जो तो आपापलं वाचून दाखवतो, माझी पाळी दोन मिनिटांची. बाकीचा वेळ मी एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर होत बेजार होतो. आणि त्याच खुर्चीत, रात्री सर्व्हर आडवा पडलेला असला, चार जण फोनवर ओरडत असले, की तासन्‌तास मला खाली काही दुखतं याची आठवणही नसते. खुर्ची तीच, उशी तीच.

दुसरं, ढोल. गणपतीच्या आधी नदीपात्रात आमच्या पथकाचा सराव असतो. ढोल कमरेला आवळलेला, वजन नेमकं ओटीपोटावर. तर्काने पाहिलं तर जीव जायला हवा. वाजवताना काही म्हणजे काही नाही. ढोल उतरवला, टपरीवर चहा घेतला, मनात आलं, "आज दुखलं नाही वाटतं." झालं, लगेच सुरू.

हे भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुला दुखत नाही, दुखतंय असं वाटतं." ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

तर विचारायचं हे, की लक्ष दुसरीकडे गेलं की थांबतं ते दुखणं खरं मानायचं की नाही? आणि लक्ष वळवल्याने थांबतं, तर मी मुद्दाम वळवायला जातो तेव्हा का जमत नाही? रात्री सिरीज लावून बसतो, अर्धं लक्ष पडद्यावर, अर्धं खाली.

---

शनिवारातला

"अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर" ही म्हण ज्याने केली त्याची तक्रार हीच असणार. चेष्टा सोडा, हिंमत केलीत. इथे वाचायला शेकडो येतील, लिहायला चार. जागा धरून बसलोय.

---

कात्रीवाला

युरॉलॉजीत (मूत्ररोग) आहे, पुण्यातच. इथे कोणाला तपासत नाही आणि औषधाचं नावही देणार नाही. पण आधी हे वाचा, बाकीचं नंतर.

अचानक, सहन न होणारं वृषणाचं दुखणं, सोबत उलटी किंवा मळमळ, विशेषतः विशीच्या आतबाहेरच्या मुलात: वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. सकाळपर्यंत थांबू नका, धागा काढू नका, इमर्जन्सीत जा. वृषणात कडक गाठ, मग ती दुखत नसली तरी. लघवीतून रक्त. थंडी वाजून ताप आणि लघवीला आग. लघवी तुंबणं. दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होऊन पायात ताकद कमी वाटणं. यातलं काहीही असेल तर मन, लक्ष, ताण या गप्पा बाजूला ठेवून आधी तपासणी.

हे सगळं नाही, तपासण्या स्वच्छ, आणि गेल्या सहा महिन्यांतले निदान तीन महिने दुखतंय, तर आमच्या भाषेत त्याला जुनाट पेल्विक (ओटीपोटाखालच्या) वेदनेचा सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये प्रोस्टेटायटिसचे (प्रोस्टेट ग्रंथीच्या सुजेचे) चार गट पाडले, त्यातला हा तिसरा. प्रोस्टेटायटिस म्हणून जे रुग्ण येतात त्यांतले ९० टक्क्यांहून जास्त याच गटातले असतात, म्हणजे जंतू सापडत नाहीत. तरीही हातात अँटिबायोटिक पडतं. का? रांग बाहेर उभी असते, रुग्णाला गोळी हवी असते, आणि "थोडे दिवस बरं वाटलं" याचा पुरावा म्हणून उपयोग होतो. त्या औषधांतल्या काहींना सूज कमी करण्याचा थोडा गुण असतो आणि गोळीवरचा विश्वासही काम करतोच. पण फ्लुरोक्विनोलोन जातीची औषधं पुन्हा पुन्हा घेणं चांगलं नाही. स्नायुबंध तुटणं, नसांना इजा होणं अशा परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये साध्या संसर्गासाठी ती टाळा असा कडक इशारा दिला.

"काही नाहीये" हे मीही ओपीडीत म्हणतो. त्याचा अर्थ "कापण्यासारखं काही नाही" एवढाच असतो. रुग्ण मात्र वेगळंच ऐकून घरी जातो.

---

खडूस_सदाशिवपेठी

एवढं रामायण वाचलं. सारांश "मनाचं आहे" असाच ना? मग सरळ लिहा की. आमच्या वेळी खुर्चीत बसून ठणके मोजायला कोणाला सवड नव्हती. धागाकर्ता स्वतःच म्हणतो, काम असलं की दुखत नाही. मग काम करा.

---

मेंदूतज्ज्ञ_नव्हे

काका, चिडून लिहिलंत पण त्यात अर्धं विज्ञान आहे. उरलेलं अर्धं सांगतो. (मानसशास्त्रात संशोधन करतो, डॉक्टर नाही.)

वेदना म्हणजे जखमेतून निघून तारेवरून थेट मेंदूत पोहोचणारा निरोप, अशी आपली समजूत असते. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी ती मोडली. त्यांचं म्हणणं असं की पाठीच्या कण्यातच एक फाटक आहे, आणि मेंदू वरून ते उघडतो किंवा लोटून घेतो. तपशील पुढे बरेच बदलले, पण वरून खाली येणारं नियंत्रण ही गोष्ट टिकली.

आता लक्ष. २०१२ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी लोकांच्या हाताला चटका बसेल इतकी उष्णता दिली आणि त्याच वेळी स्मरणशक्तीचं काम दिलं, एकदा सोपं, एकदा डोकं खाणारं. अवघड काम चालू असताना लोकांना कमी दुखलं. हे अपेक्षितच होतं. पण त्यांनी मानेतल्या कण्याचं स्कॅनिंग केलं होतं, आणि तिथेच, म्हणजे निरोप मेंदूत पोहोचण्याच्या आधीच, तो क्षीण झालेला दिसला. मग शरीरातल्या अफूसदृश रसायनांना अडवणारं औषध दिलं, तर लक्ष वळवण्याचा फायदा सुमारे ४० टक्क्यांनी घटला. सर्व्हर पडल्यावर धागाकर्त्याचं शरीर स्वतःचं वेदनाशामक स्वतःच पाझरत असतं, असं समजायला हरकत नाही. म्हणून लक्ष दुसरीकडे गेल्यावर थांबलं यावरून दुखणं खोटं ठरत नाही. जळलेल्या माणसाचं ड्रेसिंग करताना त्याला आभासी बर्फातला खेळ खेळायला देतात, त्यालाही कमी दुखतं. त्याची जखम खोटी आहे असं म्हणणार का?

याउलट जुनाट दुखण्यात बिघाड बऱ्याचदा धोक्याच्या यंत्रणेतच झालेला असतो. सोसायटीत एखाद्या गाडीचा अलार्म इतका हळवा असतो की बॉनेटवर मांजर चढलं तरी बोंबलतो. चोर नाही हे खरं, पण आवाज खराच असतो ना? आणि दर वेळी खिडकीतून डोकावून पाहिलं म्हणून अलार्म दुरुस्त होत नाही.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून अनुभव आहे, ऊतींना इजा झालेली असेलच असं नाही, आणि माणूस दुखतंय म्हणतो तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं त्यात आहे. भावाला दाखवा.

---

तळजाईवाला

दाखवलं. "इंग्रजीत काहीही लिहितात" म्हणाला. पण माझं काम झालं. दुसऱ्या प्रश्नाचं काय? मुद्दाम का जमत नाही?

---

मेंदूतज्ज्ञ_नव्हे

कारण तुम्ही सिरीज पाहताना लक्ष वळवत नाही, दुखणं दाबता. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

१९९३ चा एक प्रयोग आहे. लोकांना बर्फाळ पाण्यात हात घालायला लावला. एका गटाला सांगितलं, हातात काय जाणवतंय ते नीट न्याहाळा. दुसऱ्याला, स्वतःची घरातली खोली डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्याला, हाताचा विचारच करू नका, मनातून काढून टाका. हात बाहेर काढल्यावर सगळ्यात लवकर पूर्वपदावर आला तो न्याहाळणारा गट. सगळ्यात उशिरा आला दाबणारा. विचार दाबायचा म्हणजे तो आलाय का हे सतत तपासावं लागतं, आणि तपासणं म्हणजे लक्ष देणंच.

सर्व्हर पडतो तेव्हा तुम्ही दुखणं घालवायला बसलेले नसता, सर्व्हर उठवायला बसलेले असता. ढोलाचंही तेच, एक ठोका चुकला तर पुढचा मागे वळून बघतो. डोकं, हात, कान सगळं भरलेलं. सिरीजला तुमच्याकडून काहीच नको असतं, म्हणून अर्धं लक्ष मोकळं राहतं आणि ते गस्तीला निघतं.

आणखी एक. ज्याला दुखण्याची खूप धास्ती आहे त्याच्यात लक्ष वळवण्याचा उपाय कमी चालतो. वेदना हीच लक्ष ओढून घेणारी गोष्ट, त्यात भीती मिसळली की तिच्यापुढे दुसरं काही टिकत नाही. आधी भीती थोडी उतरायला हवी.

---

पाषाणचा_पॅडलवाला

मला हे सगळं गोड गोड वाटतंय म्हणून जरा विरोध करतो. माझंही दुखणं असंच होतं, आणि मलाही ताणतणावाचं लेक्चर मिळालं होतं. निघालं काय, तर प्युडेंडल नावाची नस. ती त्रिकास्थीपाशी (कण्याच्या तळाच्या हाडापाशी) कण्यातून निघते आणि बैठकीच्या हाडाजवळच्या चिंचोळ्या बोगद्यातून पुढे येते. मी वर्षानुवर्षं अरुंद, कडक सीटवर लोणावळ्यापर्यंत सायकल मारायचो.

ओळखायच्या खुणा फ्रान्समधल्या नांत शहराच्या नावाने प्रसिद्ध आहेत, २००८ च्या: दुखणं त्या नसेच्या हद्दीत, बसल्यावर वाढणारं, रात्री झोपेतून न उठवणारं, तपासताना बधिरपणा न सापडणारं, आणि नसेभोवती भूल दिली की थांबणारं. खुर्चीत दुखतं पण कमोडवर बसलं की बरं वाटतं, हे माझ्याबाबतीत तंतोतंत होतं. सायकल बंद, मग मधे खाच असलेली सीट, हँडल वर. माझ्या नसेला माझ्या बालपणाशी देणंघेणं नव्हतं.

---

कात्रीवाला

बरोबर, म्हणूनच तपासणी आधी. मूतखडा, हर्निया, व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा), नसबंदीनंतर राहणारं दुखणं, कंबरेतली दबलेली नस, सगळ्यांचा ठणका वृषणात उतरू शकतो.

पण "नस की मन" असे दोन डबे करू नका. २००९ पासून आमच्याकडे सहा बाजूंनी बघायची पद्धत आहे: लघवीचा त्रास, मानसिक-सामाजिक बाजू, खुद्द प्रोस्टेट, संसर्ग, मज्जासंस्था, आणि स्नायूंचा दुखरेपणा. बहुतेक रुग्णांत एकापेक्षा जास्त बाजू सापडतात आणि उपचार त्याप्रमाणे जोडावे लागतात. तुमची नस दबलेली होती. समजा त्याच काळात नोकरी गेली असती आणि रात्र-रात्र कॅन्सरबद्दल वाचत बसला असतात, तर त्याच नसेने जास्त छळलं असतं. एवढंच म्हणणं आहे.

---

फिजिओ_मृ

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करते. पुरुष रुग्ण येतात, पण फार उशिरा, आणि आत आल्यावर पहिली दहा मिनिटं कंबर दुखते असंच सांगतात.

वरच्या चर्चेत मन आणि नस आली, दोघांना जोडणारा स्नायू राहिला. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी आहे. भीती वाटली की खांदे वर जातात, दात आवळले जातात, तशी तीही आवळली जाते. आपल्याला कळत नाही, कारण ती दिसत नाही. उद्या चांदणी चौकात किंवा वाकडच्या पुलाखाली अडकलात की जरा बघा, कुल्ले, जबडा, पोट सैल आहेत का. बहुतेकांचे नसतात. महिनोन्‌महिने आवळलेला स्नायू दुखतो, त्यात गाठी होतात, त्या दाबल्या की थेट शिश्नाच्या टोकाला किंवा वृषणात कळ जाते. कळ आली की माणूस घाबरतो, घाबरला की परत आवळतो.

आता एक कळकळीची विनंती. मोबाईलवर बघून केगल करू नका. केगल म्हणजे तेच स्नायू आवळणं. ज्याचे ढिले पडलेत त्याला ते ठीक. तुमचे आधीच आवळलेले असतील तर दुखणं वाढेल. योगातला मूलबंध लावणाऱ्यांनाही हेच सांगते, निदान दुखणं आहे तोवर. तुम्हाला शिकायचंय ते सोडणं. पाठीवर झोपा, गुडघे वर, श्वास पोटात असा घ्या की खाली मधल्या भागापर्यंत पसरल्यासारखा वाटेल. श्वास घेताना तळ खाली जातो, सोडताना आपसूक वर येतो. ढकलायचं नाही, कुंथायचं नाही. सुप्त बद्धकोणासन, मांड्यांखाली उशा देऊन. लघवी "संपवायला" शेवटी जोर लावणं बंद. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते.

आणि चाला. नुसतं ताणण्याच्या व्यायामापेक्षा भरभर चालण्यासारखा दम लागणारा व्यायाम या दुखण्यात सरस ठरला, असा इटलीतला २००७ चा अभ्यास आहे. तळजाई टेकडी घराजवळ आहे, अजून काय हवं?

---

कोथरूडची_अनामिका

मी पत्नी आहे, दुखणं नवऱ्याचं आहे. पुरुषांच्या धाग्यात घुसले, माफ करा.

आमच्याकडे वर्षभर मला कारणच माहीत नव्हतं. जवळ आले की हे उठून जायचे. मला वाटायचं, माझ्यातच काही कमी आहे किंवा बाहेर काही चालू आहे. शेवटी कपाटात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या तेव्हा भांडून सगळं बाहेर काढलं. आता मला कळलंय, तर मी सारखी विचारते, "दुखतंय का? बसू नका, पडून राहा, गाडी मी काढते." सासूबाई तर जिना चढू देत नाहीत. तरी हे जास्तच खचलेत असं वाटतं. मी काय चुकते? आणि संबंध ठेवले तर दुखणं वाढतं का, हे कोणाला विचारायचं तेच कळत नव्हतं म्हणून इथे विचारते.

---

मेंदूतज्ज्ञ_नव्हे

ताई, माफी कसली, हा तुमचाही धागा आहे. तुमच्या प्रश्नावर नेमका एक अभ्यास आहे. कॅनडातल्या संशोधकांनी याच दुखण्याच्या पुरुषांना विचारलं होतं, की तुम्हाला दुखतं तेव्हा जोडीदार कसं वागतो. २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जोडीदार जितका जास्त काळजी घेणारा, हातातलं काम काढून घेणारा, तितकी वेदनेमुळे येणारी अडचण जास्त, असं दिसलं. प्रेम कमी करा असा याचा अर्थ नाही. "दुखतंय का?" हा प्रश्न दिवसातून इतक्यांदा आला की तो माणूस दर वेळी खाली डोकावून उत्तर शोधतो. त्याऐवजी "मंडईत चल, पिशव्या तू धर" हे चालेल.

---

कात्रीवाला

संबंधांबद्दल: तपासण्या स्वच्छ असतील तर त्याने इजा होत नाही, आणि हे दुखणं जोडीदाराला लागतही नाही. काहींना वीर्यस्खलनाच्या वेळी किंवा नंतर काही तास दुखतं. हे या दुखण्याचंच लक्षण आहे. दुखेल या धास्तीने ताठरता जाणं हेही आम्ही रोज बघतो. दोघं मिळून एकदा डॉक्टरकडे या. पुरुष एकटा आला की निम्मं गिळून टाकतो.

---

नवीन_खाते_०१

मी २२ चा आहे, एफसी रोडजवळ होस्टेलला राहतो. फक्त हे विचारायला आयडी काढला. चार महिने डावीकडे दुखतं. मी रोज खूप वेळा हात लावून गाठ आहे का बघतो. कधी वाटतं आहे, कधी वाटतं नाही. लहानपणापासून हस्तमैथुन करतो, त्यानेच झालं असेल ना? स्वारगेटजवळ भिंतीवर "धातू जाणे, नसांची कमजोरी, गॅरंटीने इलाज" असा नंबर होता, तिथे गेलो. पुड्या दिल्या, पैसे गेले, दुखणं आहे तसंच. घरी सांगू शकत नाही. कधी कधी वाटतं नकोच हे सगळं.

---

कात्रीवाला

मित्रा, हस्तमैथुनाने हे होत नाही. गाठ आहे की नाही हे सोनोग्राफी एकदाच सांगेल. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढ, घरी सांगायची गरज नाही, तू सज्ञान आहेस. सोनोग्राफी स्वच्छ आली की महिन्यातून एकदा, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर, दोन मिनिटं तपासायचं. वृषणाच्या मागे वरच्या बाजूला जो मऊ, वळकटीसारखा भाग लागतो तो सगळ्यांनाच असतो, त्यालाच गाठ समजून मुलं घाबरतात. रोज दाबून दाबून बघितलं तर कोणाचंही दुखेल. पुड्या बंद कर. त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

---

विवेकी

समुपदेशक आहे. नवीन खाते, तुझ्या शेवटच्या वाक्याबद्दल आधी. ते कधी कधीचं वाटणं वाढत असेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. आजच फोन कर आणि होस्टेलमधल्या एकाला तरी सांग. नुसतं "मला बरं वाटत नाही, सोबत चल" एवढं सांगितलं तरी चालेल.

आता धातूबद्दल. वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली या भीतीतून येणाऱ्या थकव्याला आणि दुखण्याला भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६० पासून "धात सिंड्रोम" हे नाव दिलेलं आहे. म्हणजे तू एकटा नाहीस. भिंतीवरचे नंबर त्या भीतीवरच पोट भरतात.

बाकी सगळ्यांसाठी: वेदना किती छळेल हे ठरवण्यात एका गोष्टीचा वाटा मोठा असतो, वेदनेबद्दलचा आपला टोकाचा विचार. तो मोजायची १३ प्रश्नांची प्रश्नावली १९९५ पासून वापरात आहे. तिच्यात तीन धागे आहेत. घोकत राहणं ("कधी थांबणार, कधी थांबणार"), फुगवणं ("नक्की कॅन्सर आहे, डॉक्टरांच्या लक्षात येत नाहीये"), आणि हतबलता ("माझ्या हातात काहीच नाही"). या तिन्हींपैकी शेवटची मला सगळ्यात घातक वाटते. घोकणाऱ्याला निदान काहीतरी करायचं असतं.

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीने सांगायचं तर "दुखतंय" ही घटना, आणि "दुखतंय म्हणजे मी संपलो" ही आपण जोडलेली पुस्ती. मी रुग्णांना दुखणं बाजूला ठेवा असं सांगत नाही. पुस्तीवर प्रश्न विचारा म्हणतो. काल संपला होतात का? परवा? ढोल वाजवताना? धागाकर्त्याकडे तर पुस्ती खोटी असल्याचा पुरावा दर संध्याकाळी नदीपात्रात तयार होतो आणि तो त्याचा अर्थ उलटा लावून घेतो.

---

खडूस_सदाशिवपेठी

एक भर घालतो. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते. वाचकांच्या अशाच खाजगी शंकांना छापून उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्या बावीस वर्षांच्या मुलाचा प्रश्न वाचून वाटलं, आपण कुठे आलो आहोत? भिंती अजून त्या भोंदूंच्याच ताब्यात. बाळ, वरचे डॉक्टर सांगतात ते कर. सोबत कोणी नसेल तर मला खाजगी निरोप टाक. मी निवृत्त आहे, ससूनच्या रांगेत उभं राहायला मला भरपूर वेळ आहे.

---

शनिवारातला

काकांना दंडवत. मिसळीच्या धाग्यावर हेच काका काल मला "अक्कलशून्य" म्हणाले होते.

---

नवीन_खाते_०१

त्या नंबरवर बोललो. रूममेटला पण सांगितलं. सोमवारी जातोय. काका, निरोप टाकलाय.

---

तळजाईवाला

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. फिजिओताईंनी म्हटल्याप्रमाणे वाकडला गाडीत बसून पाहिलं. कुल्ले तर सोडाच, दात इतके आवळलेले होते की कानशील दुखत होतं. पॅडलवाल्यांच्या खुणांपैकी बसल्यावर वाढणं जुळतं, कमोडचं जुळत नाही, पण तेही तपासून घेतो.

एक शंका राहिली. दुखण्याची डायरी ठेवा असं एका ठिकाणी सांगितलं होतं. दर तासाला शून्य ते दहा. मी ठेवली, आणि डायरीमुळेच जास्त लक्ष जातं असं वाटतं. बंद करू?

---

विवेकी

दर तासाची बंद करा. ती अलार्म वाजला का हे बघायला खिडकीत बसण्याची नोकरी आहे. लिहायचंच तर रात्री एकदा, आणि दुखणं किती यापेक्षा आज काय काय केलं ते. तळजाईला गेलो, मुलीचा अभ्यास घेतला, मीटिंगमध्ये बसलो. आकडा पाहिजेच असेल तर युरॉलॉजीवाल्यांची ४३ गुणांची एक प्रश्नावली आहे, ती एका आठवड्याचा मिळून हिशेब विचारते. दोन भेटींच्या मधे एकदा भरली की पुरे.

आणि त्या मीटिंगमध्ये उभे राहा. परवानगी मागायचीही गरज नाही, कंबर दुखते म्हणा. अर्धी हिंजवडी तेच सांगते.

---

खडूस_सदाशिवपेठी

फिजिओबाईंना एक विचारतो, स्वतःसाठी नाही, एका मित्रासाठी. या सगळ्यात कमोड बरा की आपला भारतीय संडास?

---

फिजिओ_मृ

काका, उकिडवं बसल्यावर तळाचे स्नायू जास्त सैल होतात, म्हणून भारतीय बरा. मित्राचे गुडघे साथ देत नसतील तर कमोडपुढे पायांखाली छोटं स्टूल ठेवायला सांगा. आणि मित्राला म्हणावं, पेपर घेऊन आत जायचं नाही.